पुण्यातला मुक्काम

थर्टीफर्स्टची गर्दी लोणावळ्यात चढत होती, तेव्हा आम्ही भुशीहून उलट पुण्याकडे निघालो. 31 डिसेंबर 2022, शनिवार. रविवारी पहाटे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायची होती. रात्रीचा मुक्काम पुण्यात बहिणीकडे.

जीपमध्ये पोरांचा हट्ट शनिवारवाड्याचा. आम्ही गाडी गंज पेठेत फुलेवाड्याकडे घ्यायला लावली. पोरे रुसली. आईसुद्धा म्हणाली, "दुसऱ्याचं घर काय बघायचं?"

वाड्यात थोरलीने आजीला शाळेत शिकलेले सांगितले. 1868 साली जोतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आई थांबली. तिने साल पुन्हा विचारले.

आमच्या भुशीचे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. इंजिनाला कोणी जात विचारली नाही. आई मात्र माहेरी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. महाडचा सत्याग्रह 1927 चा. आईचे हे दिवस त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आले.

"मंग आमच्या गावाला ही बातमी कुणी सांगितलीच न्हाई व्हय?" ती म्हणाली.

आम्ही दरवर्षी जयंतीला फुल्यांवर भाषण करतो. पुणे इतके जवळ, तरी आईला इथे आणायला 2022 साल संपत आले!

मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. आई म्हणाली, "घरचं नगं. हितलं मिळतंय का बघ."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मुलगी बाटली रिकामी करून नळ शोधायला गेली.