पोटोमॅककाठचे तोतये

परदेशाहून वॉशिंग्टनला येणारा पाहुणा बहुधा डलेसला उतरतो आणि तिथून शहर गाठायला त्याला बराच वेळ मोडावा लागतो. शहराचा घरचा विमानतळ निराळा. तो पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठावर, अगदी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा आहे. १९४१ साली तो सुरू झाला आणि १९९८ साली त्याला रेगन यांचे नाव मिळाले. गावातली जुनी मंडळी मात्र अजून नुसते ‘नॅशनल’ म्हणतात. आपल्याकडे नाही का, पाटी काहीही असली तरी माणूस व्ही.टी.लाच उतरतो!

धावपट्टीच्या उत्तर टोकाशी ग्रॅव्हली पॉइंट नावाचे हिरवळीचे मैदान आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे माणसे सतरंज्या पसरून बसतात, पोरे चेंडू खेळतात, आणि मधूनच एखादे विमान डोक्यावरून इतके खाली येते की बायका नकळत पदर, म्हणजे तिकडे टोप्या, सावरतात. व्हाइट हाउसच्या माथ्यावरून उडायला बंदी, म्हणून उत्तरेकडून येणारी विमाने पुष्कळदा नदीच्या वळणावळणाने येतात. पेंटॅगॉन तर भुयारी रेल्वेने तीन स्थानकांवर. अशा जागी चिमणीसुद्धा विचारून आत येत असेल, असे आपल्याला वाटते.

१९९७ साली सीझर पेली या वास्तुशिल्पकाराने इथे नवी इमारत बांधली. तिला ५४ लहान घुमट आहेत आणि नदीच्या बाजूची सारी भिंत काचेची. उन्हे आली की आतली फरशी झळझळते. याच घुमटांखालून २००० सालच्या एप्रिल-मेमध्ये काही तोतये अगदी सावकाश चालत गेले. तोतया म्हटला की मराठी माणसाला पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. त्याने तर राज्यालाच हात घातला होता. या तोतयांना फक्त दार ओलांडायचे होते.

ती माणसे सरकारचीच होती. अमेरिकी काँग्रेसच्या हाताखाली हिशेब आणि कारभार तपासणारे एक खाते आहे, जीएओ. त्याच्या तपासनिसांनी बाजारात मिळणारे साधे सॉफ्टवेअर घेऊन पोलिसी ओळखपत्रे छापली. बिल्लेही असेच जमवले. काही तर इंटरनेटवरून. मग तिकिटाच्या खिडकीशी जाऊन त्यांनी सांगितले, “आम्ही सशस्त्र पोलीस अधिकारी आहोत.” खिडकीतून त्यांना पोलिसांसाठी असतो तसा खास पास मिळाला. तपासणीच्या जागी पहारेकऱ्याने हात हलवून त्यांना धातुशोधक चौकटीच्या बाजूने वाट करून दिली. त्यांना कोणी तपासले नाही, त्यांच्या बॅगा कोणी उघडल्या नाहीत. फ्लॉरिडातल्या ओर्लँडोच्या विमानतळावरही हेच झाले.

विमानतळ हे दोनच. त्यांच्याखेरीज १९ सरकारी जागा होत्या, आणि त्यांत पेंटॅगॉन, सीआयए आणि एफबीआयसुद्धा! २१ पैकी १८ ठिकाणी पहिल्याच फेरीत प्रवेश मिळाला, उरलेल्या तिघांना दुसरी खेप लागली. १५ ठिकाणी तर ही मंडळी मंत्र्याच्या किंवा खातेप्रमुखाच्या दालनाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. २५ मे २००० रोजी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ही हकीकत सांगण्यात आली तेव्हा ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहायला मिळाले असते तर!

पहारेकऱ्याला हसणे सोपे आहे. पण त्याचीही बाजू आहे. त्या काळी तपासणीचे काम विमान कंपन्या ठेकेदारांकडून करून घेत. पगार बेताचा, काम कंटाळवाणे. १९९८-९९ च्या सुमारास देशातल्या १९ मोठ्या विमानतळांवर या नोकरांची वर्षाची गळती सरासरी १२६ टक्के होती, म्हणजे वर्षभरात सगळी माणसे बदलून वर पुन्हा काही बदलत. ज्याला आपली नोकरी दिवाळीपर्यंत टिकेल की नाही ठाऊक नाही, तो बिल्ला दाखवणाऱ्या रुबाबदार साहेबाला “थांबा” कसा म्हणेल?

आणि आपण तरी कुठे म्हणतो? १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित सराफी पेढीवर सीबीआयचा ‘छापा’ पडला. अधिकारी म्हणून आलेली पोरे वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आदल्या दिवशी मुलाखत देऊन आलेली होती. आपण खरेच नोकरीला लागलो असे त्यांना वाटत होते. साहेब दागिने ‘पुरावा’ म्हणून घेऊन गेले ते आजवर सापडले नाहीत. हल्ली तर साहेबाला दुकानापर्यंतही यावे लागत नाही. फोनच्या पडद्यावर खाकी दिसली आणि ‘डिजिटल अटक’ असे दरडावले की पेन्शनीतले गृहस्थ बँकेतली पुंजी वळती करतात. अशी अटक कायद्यात नाहीच, हे पोलिसांनी कितीदा सांगितले तरी!

वॉशिंग्टनच्या गोष्टीनंतर दीड वर्षाच्या आतच ११ सप्टेंबर उजाडला. पेंटॅगॉनवर आदळलेले विमान डलेसहून सुटले होते. त्या मारेकऱ्यांना खोट्या बिल्ल्यांची गरज पडली नाही. ते सर्वांसारखे रांगेतून गेले. नॅशनल तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला आणि ४ ऑक्टोबर २००१ ला उघडला. त्यानंतर तपासणी ठेकेदारांकडून सरकारकडे आली. बिल्ल्याचा उपाय यायला मात्र २००९ उजाडले. तेव्हापासून गावोगावच्या पोलिसाला हत्यारासह विमानात बसायचे असेल तर त्याच्या कचेरीने आधी सरकारी तारयंत्रणेतून संदेश धाडावा लागतो, आणि त्याच्या उत्तरी आलेला खुणेचा क्रमांक विमानतळावर पडताळतात. बिल्ला कितीही चकाकला तरी एकट्याने त्याचे चालत नाही.

आम्ही शिकागोकडे निघालो तो नॅशनलहूनच. माझ्या बॅगेकडे कोणी पाहिले नाही, पण सौ.चा डबा यंत्राच्या पडद्यावर अडला. बेसनाचे बारा लाडू, दाटीने भरलेले. गणवेशातल्या पोराने हातमोजे चढवले, झाकण उघडले, डब्याच्या कडेवरून पांढरी पट्टी फिरवली आणि ती दुसऱ्या यंत्रात घातली. आम्ही दोघे अनवाणी उभे. यंत्राने काही कुरकुर केली नाही. पोराने झाकण लावता लावता पुन्हा एकदा आत पाहिले आणि सौ.ला हळूच विचारले, “यात तूप असते का?”