चौकोनी डबा

वाण्याकडून तो घरात येतो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लक्ष असतं ते त्याच्या पोटातल्या तेलाकडे. शेंगदाण्याचं, करडईचं नाहीतर सूर्यफुलाचं तेल, १५ किलो, म्हणजे साधारण साडेसोळा लिटर. तेल असेपर्यंत तो कोपऱ्यात मुकाट उभा असतो. संपल्यावर मात्र घरात विचारणा सुरू होते, 'डबा कुणाला हवाय?' आणि तिथून त्याचं खरं आयुष्य सुरू होतं.

घराणं जुनं आहे. त्याच्या आधी रॉकेलचा डबा होता, ४ गॅलनचा, अठरा लिटरच्या आसपास. परदेशी कंपन्यांचं रॉकेल असे दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून जहाजानं यायचं. रॉकेल दिव्यात जळून जायचं आणि डबा मागे राहायचा. खोक्याची मांडणी होई, डब्याचं जे पाहिजे ते होई.

पण आपोआप होत नसे. त्यासाठी तो पत्रेवाल्याकडे न्यावा लागे. बाजाराच्या कडेला ऐरण, कातर आणि लाकडी हातोडा घेऊन बसलेला हा माणूस डब्याचा दुसरा बापच. डब्याचा पत्रा म्हणजे पातळ पोलाद, वर कथिलाचा हलका मुलामा. कापलं की कडेचं पोलाद उघडं पडतं आणि गंज तिथूनच शिरतो. म्हणून वरचा पत्रा कापल्यावर तो कड आत दुमडून ठोकत बसे. त्यामुळे हातही कापत नसे. मग विचारी, 'धान्याला की पाण्याला?' धान्याला असेल तर बिजागरीचं झाकण आणि कडी-कोयंडा. पाण्याला असेल तर तोंडाशी आडवी लाकडी दांडी. एवढ्या एका प्रश्नावर डब्याचं पुढचं सगळं ठरून जाई.

धान्याच्या डब्याचं नशीब चांगलं. त्यात बारा-तेरा किलो गहू बसतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून झाकण लावलं की पत्र्यापुढे उंदराचं काही चालत नाही. अंगानं चौकोनी, म्हणून फळीवर एकाला एक लागून, एकावर एक चढून उभा राहतो. वैशाखात कुरडया आणि पापड याच्याच पोटात जातात. आणि सुट्टीत हा बेकरीत जाई. घरचा रवा, मैदा, तूप, साखर बेकरीवाल्याला द्यायची, भट्टीपाशी आपला नंबर येईपर्यंत थांबायचं आणि डबाभर नानकटाई घेऊन यायचं. पत्र्यातून गरम लागणारा तो डबा मांडीवर धरून आणणारी मुलं आता आजी-आजोबा झाली आहेत. तो वास ती विसरलेली नाहीत, हे मी खात्रीनं सांगतो.

पाण्याचा डबा कष्टाचा धनी. विहिरीवरून दोन्ही हातांत एकेक, नाहीतर कावडीला दोन्हीकडे लटकून चाललेला. अंगणात तीन दगडांवर चढला की अंघोळीचं पाणी तापवून तापवून बाहेरून पार काळा पडे.

मला सगळ्यांत कौतुक त्याच्या शेगडीच्या अवताराचं वाटतं. वखारीतला लाकडाचा भुसा फुकटात किंवा फुकटाच्या भावात मिळे. डब्याच्या तळाशी एका बाजूला भोक पाडायचं. मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून एक गोल काठी बाटलीपर्यंत सरकवायची आणि भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि काठी हलकेच काढून घ्यायची. मधे चिमणी तयार, खालून हवेला वाट. तळाच्या भोकातून पेटवलं की दाबलेला भुसा आतून सावकाश जळत राहतो आणि तासन्‌तास आच देतो. टाकाऊ डब्यात टाकाऊ भुसा, आणि त्यावर घरभराचा स्वयंपाक. असं डोकं चालवणाऱ्या बायकांना कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही, पण ते शास्त्रच होतं.

तळ गळायला लागला तरी त्याला रजा नव्हती. गळणारा तळ कुंडीला हवाच असतो. चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकलेली तुळस, कोरफड, गवती चहा, सगळं याच्याच मातीत वाढलं. शेतात गेला तर माळ्यावर ज्वारीची राखण करणारं पोर काठीनं तो बडवून पाखरं हाकत असे. शेवटी चारी बाजू उलगडून सपाट केला की झोपडीच्या भिंतीला किंवा गोठ्याच्या छपराला ठिगळ म्हणून लागे. तिथे तो गंजून मातीत जाई.

आता बरीच घरं प्लॅस्टिकच्या जारमधून तेल आणतात. जार चिरला की संपला, त्याला डाख लागत नाही. पत्र्याचा डबा रिकामा झाला की थेट भंगारात जातो, कारण त्याला रूप देणारा पत्रेवाला बाजारातून उठत चालला आहे. पुन्हा तेल भरायलाही हा डबा चालत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन-नियमांनी वापरलेल्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकायला मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. राहिलेलं तेल खवट होतं, नव्या तेलाला बिघडवतं. मूळ धंद्याचा रस्ता बंद झाल्यावर त्याला घरात नवं काम देणं आपल्याच हाती उरतं.

तेव्हा पुढचा डबा संपला की घाईनं देऊन टाकू नका. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं आतून धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. गावात पत्रेवाला असेल तर त्याच्याकडे न्या आणि तो मागेल ती मजुरी द्या. नवीन डाख लावून घेतला असेल तर त्यात लोणचं-चिंचेसारखं आंबट भरू नका, डाखात शिसं असू शकतं. गहू, तांदूळ किंवा हरभरे भरा. पत्रेवाला नसेलच, तर तळाला चार भोकं पाडा, माती भरा आणि कढीपत्ता लावा.