निळं फडकं

प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात कामाला येणाऱ्या नव्या मुलाला मी पहिली ताकीद देते : ऱ्हीसस माकडाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. त्याच्या लेखी ती धमकी. त्यानं दात विचकले, तर ते भ्यालेलं आहे. ओठ भराभर हलवत हलकं चपचप केलं, तर सलोखा. मास्कमुळे माझे ओठ त्यांना दिसत नाहीत. पण आवाज पोचतो, म्हणून मीही चपचप करते.

मास्क, हातमोजे सुटत नाहीत. आपला क्षय त्यांना मारतो, त्यांचा बी विषाणू आपल्याला. १९३२ साली माकड चावल्यानंतर अमेरिकेत डॉ. विल्यम ब्रेबनर वारले, तेव्हापासून हा विषाणू माहीत आहे. माझ्या उघड्या हाताचा स्पर्श इथल्या एकाही माकडाला ठाऊक नाही. तरी ती मला चालीवरून ओळखतात.

पूर्वी रक्त घ्यायचं म्हणजे पिंजऱ्याची मागची जाळी पुढे ओढून जनावर दाबून धरायचं. आता आम्ही शिकवतो. झरोक्याशी आलं, शेंगदाणा. बोटं बाहेर काढली, शेंगदाणा. मग कोपरापर्यंत हात, मग त्यावर कापसाचा बोळा. आठवडेच्या आठवडे जातात. काही माकडं कधीच हात देत नाहीत, त्यांच्यावर मी रागावत नाही.

विश्वास कमवायचा आणि त्यातच सुई टोचायची, हे मला आजही बोचतं. म्हणून फसवायचं नाही, एवढं मी धरून ठेवलं आहे. सुईच्या दिवशी आधी दाराला निळं फडकं लावते. ‘आधीच कशाला घाबरवता?’ असं विचारतात. फडकं नसलेल्या दिवशी ती निर्धास्त खातात, एकमेकांच्या उवा बघतात, हे विचारणाऱ्यांनी थांबून पाहावं. ज्यांचा शेवट प्रयोगातच ठरलेला असतो, त्यांच्या त्या दिवशीही फडकं लागतं, आणि मी रजा घेत नाही.

२०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर झाली. माकडं नागपूरकडच्या रानातून धरून आणलेली. बातम्या वाचताना मला त्यांना खाऊ घालणाऱ्यांची आठवण यायची. नखशिखांत झाकलेल्या माणसाची ओळख रानातल्या माकडाला कशी पटायची?

प्रयोगानंतरच्या सांभाळाचा खर्च संशोधनाच्याच खर्चात धरावा, असा आपल्याकडे नियम आहे. प्रस्ताव आला की मी आधी तो आकडा शोधते. ऱ्हीसस पिंजऱ्यात पंचवीस वर्षंही जगतं. प्रयोग दोन वर्षांचा असेल, तर उरलेली वर्षं त्याला सोबत कुणाची, चणे कुणाचे, हे लिहून घेतल्याशिवाय मी सही करत नाही.