बालेवाडीचा पाहुणा

फुटबॉलमधले मला फारसे काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा, एवढीच माझी विद्या. तेवढ्यावर एका शाळेने ठेवून घेतले आणि फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहून झाल्या. आमच्या पेठेत खेळ म्हणजे क्रिकेट. तरी 2015 सालच्या दिवाळीच्या सुमारास मी बालेवाडीला फुटबॉलचा सामना पाहायला गेलो, तो शेजाऱ्याने फुकट दिलेल्या तिकिटामुळे. फुकटचे तिकीट वाया घालवणे पुणेकराला जमत नाही.

त्या वर्षी इंडियन सुपर लीगमधला पुण्याचा संघ, एफसी पुणे सिटी, बालेवाडीच्या मैदानावर खेळत असे. मी जागा शोधून बसलो, तोच शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "सर, तुम्ही?"

मी त्याला लगेच ओळखले. ओळखले नसते तर बरे झाले असते, असेही वाटले.

तीन वर्षांपूर्वी तो नववीत माझ्या वर्गात होता. त्याच्या दप्तरात गुटख्याच्या दोन पुड्या सापडल्या. राज्यात गुटख्यावर नुकतीच बंदी आली होती. सगळीकडे त्याचीच चर्चा. शिक्षकांची बैठक झाली. वर्गशिक्षक म्हणून मला विचारले, तुमचे काय मत? मी म्हणालो, "नियम सर्वांना सारखाच." एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून दाखला हातात ठेवला. वडील काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी मला मात्र नमस्कार केला, तो का, हे मला तेव्हा कळले नाही.

"तो बघा, मुतू," पोराने बोट दाखवले.

छत्तीस वर्षांचा माणूस, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. चार पावले धावायचा आणि कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आमच्याकडे ज्याला सुखवस्तू म्हणतात, तसे शरीर. मी मनात म्हटले, हा कसला खेळाडू! तेवढ्यात उंचावरून एक चेंडू आला आणि त्याच्या पायाशी येऊन असा निमूट थांबला, की जणू त्याला तिथेच यायचे होते. चांगल्या चित्रकाराची रेघ अशी असते. ती ओढलेली दिसत नाही, आधीपासून असल्यासारखी वाटते.

"सर, याला दोनदा पकडलंय," पोरगा मैदानावरची नजर न काढता म्हणाला.

मग सामनाभर तो सांगत राहिला. घरी येऊन मी सगळे पडताळून पाहिले. त्याचा एकही आकडा चुकला नव्हता. (माझ्या वर्गात याला सनावळ्या कधी पाठ नसत.) आद्रियान मुतू, जन्म 8 जानेवारी 1979, रुमानियातल्या आर्जेश जिल्ह्यात कलिनेश्ती गावी. पितेश्ती, बुखारेस्ट, मग 2000 मध्ये इटलीत इंटर मिलान. तिथे जम बसला नाही. व्हेरोना आणि पार्मा इथे त्याचे नाव झाले. 2003 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या चेल्सी क्लबाने दीड कोटी पौंडांहून अधिक मोजून त्याला नेले. पहिल्याच सामन्यात गोल. आणि पुढच्या वर्षी तपासणीत कोकेन सापडले. क्लबाने करार मोडला. खेळायला सात महिने बंदी आली.

"बंदी संपली की शिक्षा संपली, असं आपल्याला वाटतं ना सर? तसं नसतं."

चेल्सीचे म्हणणे असे, की आम्ही याला विकत घेतले आणि याने आपल्याच हाताने आमची रक्कम बुडवली. 2008 मध्ये फिफाने निकाल दिला, भरपाई 1,71,73,990 युरो. मुतूने दाद मागितली. 2009 मध्ये लोझानच्या क्रीडा न्यायालयाने ती फेटाळली, 2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने, आणि आम्ही तो सामना पाहिला त्यानंतर, 2018 मध्ये, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने.

"शेवटचे नऊशे नव्वदसुद्धा सोडले नाहीत सर," पोरगा म्हणाला. तो हसत होता की काय, अंधारात दिसले नाही.

मधल्या काळात माणूस खेळतच होता. युव्हेंटस, मग फ्लोरेन्सच्या फिओरेंतिनामध्ये चांगली वर्षे. 2010 मध्ये दुसऱ्यांदा सापडला, या वेळी भूक मारणाऱ्या औषधामुळे. पुन्हा काही महिने बाहेर. देशासाठी 77 सामन्यांत 35 गोल, म्हणजे रुमानियाचा सर्वांत थोर खेळाडू हाजी याच्या बरोबरीने. युरो 2008 स्पर्धेत झुरिचला इटलीविरुद्ध त्याने गोल केला. इटलीने लगेच बरोबरी साधली. शेवटच्या दहा मिनिटांत रुमानियाला पेनल्टी मिळाली. समोर गोलरक्षक बुफोन, युव्हेंटसमधला त्याचा जुना सोबती. त्याने चेंडू अडवला. सामना 1-1.

"ती बसली असती तर इटली घरी गेली असती. मी टीव्हीवर बघितली होती. तेव्हापासून मला हाच आवडतो."

पेनल्टी हुकलेला माणूस आवडावा, याचे मला नवल वाटले. कादंबरीकाराला वाटायला नको होते.

त्या मोसमात पुण्याचा संघ आठांत सातवा आला. मुतू एकच मोसम राहून गेला. 2019 मध्ये तो संघही पुण्यातून उठला. पण हे पुढचे.

सामना सुटल्यावर तो म्हणाला, "सर, सोडतो तुम्हाला." वाटेत कळले, की तो सकाळी एका मैदानावर लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. "दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून दिली. बावन्न टक्के." म्हणजे आता आम्ही दोघेही मॅट्रिक.

विद्यापीठ चौकात मी उतरलो. त्याने गाडी बंद केली.

"बाबा अजून म्हणतात सर, त्या बैठकीत चित्रकलेच्या सरांनी तरी तुझी बाजू घेतली असणार."

तो नमस्कार मला आत्ता कळला.

"नाही घेतली," मी म्हणालो.

चौकातला सिग्नल सुटला, गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. तो हँडलकडे बघत होता.

"हे बाबांना नको सांगायला, सर," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.