कोणींच न घडविलेलें घड्याळ

प्रेमकथांचे चित्रपट पाहतांना तर्कशास्त्र वहाणांप्रमाणें दाराबाहेर काढून ठेवावें, असा उपदेश आम्हांस वारंवार होतो. तो आम्हांस मान्य नाहीं. ज्या प्रेमकथांत नायक गतकाळांत शिरतो, त्यांच्यापुढें तर आम्ही कागद-पेन्सिल घेऊनच बसतों. घरांत याबद्दल आमची यथेच्छ थट्टा होते, होवो बापडी!

'समव्हेअर इन टाइम' हा १९८० सालचा अमेरिकन चित्रपट घ्या. त्यांत १९७२ सालीं एक वृद्धा एका तरुण नाटककाराच्या हातीं सोन्याचें घड्याळ ठेवून निघून जाते. आठ वर्षांनीं तो मॅकिनॅक बेटावरील ग्रँड हॉटेलांत उतरतो, तेथें एका नटीच्या जुन्या तसबिरीवर लुब्ध होतो, आणि ती नटी म्हणजेच ती वृद्धा, असें त्यास कळून येतें. मग जुन्या घाटणीचा पोशाख चढवून व स्वतःस संमोहित करून तो १९१२ सालांत जाऊन पोहोंचतो. घड्याळ तेथें तिच्यापाशीं राहतें, आणि साठ वर्षें सांभाळून तीच तें त्यास आणून देते.

आतां प्रश्न असा कीं, हें घड्याळ घडविलें कोणीं? त्याला तें तिच्याकडून मिळालें, तिला त्याच्याकडून. या वर्तुळांत घड्याळजीचें दुकान कोठेंच लागत नाहीं. दुसरी अडचण याहून बिकट आहे. साठ वर्षें तिच्यापाशीं व आठ त्याच्यापाशीं, अशीं ६८ वर्षें वापरूनहि तें घड्याळ १९१२ त पुन्हां अगदीं पूर्वींच्याच स्थितींत पोहोंचलें पाहिजे. एक ओरखडाहि अधिक पडतां कामा नये, नाहींतर वर्तुळ मिटणार नाहीं. न झिजणारें सोनें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तरी हा चित्रपट आम्हांस प्रिय आहे. नजरेसमोर आधुनिक असें कांहीं असूं नये, तरच मन १९१२ वर विश्वास ठेवील, असा नियम त्यानें घातला. आणि नायकाच्या खिशांत १९७९ सालचें एक नाणें निघतांच, त्याच नियमानें नायकास प्रियेपासून कायमचें ओढून नेलें. वर्तुळाचा हिशेब चुकला, पण नाण्याचा चोख आहे.

'द लेक हाउस' (२००६) या, 'इल मारे' या कोरियन चित्रपटावरून घेतलेल्या कथेंत, दोन वर्षांच्या अंतरावरचीं दोन माणसें एकाच टपालपेटींतून पत्रव्यवहार करितात. नायिकेच्या पत्रानें नायकाचा मृत्यु टळतो. परंतु मृत्यु टळला, तर तें पत्र लिहिण्यास कारणच कोणतें उरलें? येथें कोणीं कांहीं गमावलेंहि नाहीं. म्हणून हें सुख आम्हांस उधारीचें वाटतें.

आपल्या पुराणांतील ककुद्मी राजा कन्या रेवतीसाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं गेला, तों येथें २७ चतुर्युगें उलटलीं, आणि मनांत योजिलेले सारे वर काळाच्या उदरांत गेले. पुढें जाणाऱ्या प्रवासांत अशी गांठ पडत नाहीं. माणसें मात्र हरवतात.

रिचर्ड कर्टिस यांच्या 'अबाउट टाइम' (२०१३) मध्यें गतकाळांत जाण्याची विद्या घराण्यांतील पुरुषांनाच साध्य आहे, असें बाप मुलास सांगतो. आणि मुलगा खुशाल बहिणीस बरोबर घेऊन जातो! ही ढिलाई आम्हीं कागदावर टिपून ठेविली आहे. पण त्याच प्रसंगीं बहिणीचें आयुष्य सुधारून तो परततो, तों पाळण्यांत त्याच्या मुलीच्या जागीं परका मुलगा. गतकाळांत तिळमात्र फेर झाला, कीं जन्मणारें मूल निराळें. तो सारें पूर्ववत् करितो; बहिणीस आपलें दुःख आपणच निस्तरावें लागतें.

पुढें बाप वारतो. मुलगा मागें जाऊन त्याला भेटूं शकतो, आणि भेटतोहि. परंतु पत्नीस आणखी एक अपत्य हवें असतें. तें झालें, कीं त्यापूर्वींच्या काळाचें, म्हणजे बापाचें, दार मिटलें. तर्काचा हा कोरडा नियम येथें जसा काळजास भिडतो, तसा आम्हीं इतरत्र पाहिला नाहीं. शेवटच्या भेटींत दोघे त्याच्या बालपणांत जातात. तरुण झालेला बाप आणि बालक झालेला मुलगा समुद्रकांठीं फिरतात, खडे फेंकतात. कांहींहि बदलावयाचें नाहीं, एवढ्याच अटीवर.