दोन गंधार

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा नववीत होते. आम्ही माहीमला एका जुन्या इमारतीत राहायचो आणि मी बुधवारी-शनिवारी पेटी शिकायला जायचे. मास्तर शेजारच्याच गल्लीत राहत.

एक दिवस शाळेच्या फलकावर नोटीस लागली. एका महाविद्यालयाच्या उत्सवात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी संगीतरचनेची स्पर्धा होती. अट मोठी मजेदार होती. रचना स्वतःची हवी, पाच मिनिटांची हवी आणि तिच्यात आपलं रागसंगीत व जॅझ, दोन्ही हवं. वाजवायला कुणालाही घ्या, पण रचना कागदावर लिहून द्या.

जॅझ म्हणजे काय ते मला धड ठाऊक नव्हतं. तरी मी नाव दिलं. (मैत्रिणींसमोर फुशारकी मारून बसले होते, आता माघार कशी घेणार?)

मास्तरांना विचारायची सोय नव्हती. माझ्या पेटीतून चुकून सिनेमाचं गाणं निघालं तरी ते पुढे होऊन भाता धरायचे. मग मी सरळ थाप मारली. "मास्तर, महिनाभर बुधवारी सायन्सचा जादा तास आहे." ते म्हणाले, "असू दे. अभ्यास आधी." इतक्या पटकन म्हणाले, की मला उगीचच कसंतरी झालं.

आणि त्या बुधवारी मी जिना उतरून पहिल्या मजल्यावरच्या अंकलकडे जायला लागले. अंकल मूळचे गोव्याचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवण्यात त्यांची उमर गेली होती. गोव्याहून आलेल्या अशा कितीतरी वादकांवर तेव्हा मुंबईची सिनेसृष्टी चालायची, बरं का! 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात अमिताभ बच्चन ज्याचं नाव घेतो, तो अँथनी गोन्साल्विससुद्धा गोव्यातल्या माजोर्ड्याचा खराखुरा व्हायोलिनवादक.

"जॅझमध्ये धून ठरलेली असते, बाय," अंकल म्हणाले. "पण तिच्याभोवती काय वाजवायचं, ते वाजवणारा तिथल्या तिथे ठरवतो. तुमचे बुवा ताना घेतात, त्या काय घरून लिहून आणतात?"

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत हे संगीत वाढलं, आणि त्याची मोठी बहीण म्हणजे 'ब्लूज', हेही त्यांनीच सांगितलं. ब्लूजचा गंधार, म्हणजे सारेगममधला 'ग', धड शुद्ध नाही, धड कोमल नाही. तो दोघांच्या मधे कुठेतरी रेंगाळतो. त्यांनी व्हायोलिनवर तो वाजवला मात्र, मी ओरडलेच, "अंकल, हा तर जोग!"

आमच्याकडे जोग रागाची कॅसेट होती. जोगात दोन्ही गंधार लागतात, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. माझ्या पेटीवर ते म्हणजे शेजारशेजारच्या दोन पट्ट्या. ही दाबा नाहीतर ती दाबा, मधे काही नाही. व्हायोलिनवर मात्र बोट घसरत जातं.

घसरण्यावरून अंकलनी जॉर्ज गेर्श्विनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन संगीतकाराने पंचविसाव्या वर्षी पियानो आणि जॅझ बँडसाठी 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' रचली. १२ फेब्रुवारी १९२४ला ती न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. सुरुवातीला क्लॅरिनेटसाठी त्याने सतरा सुरांची चढती तान लिहिली होती. तालमीत क्लॅरिनेटवाल्याने गंमत म्हणून तिचा वरचा भाग घसरवत नेला. गेर्श्विन रागावला नाही. असंच वाजव, म्हणाला! आपल्या भाषेत ती झाली मींड.

दुसरा शोध मात्र माझा एकटीचा. ब्लूजचा साचा बारा खणांचा, प्रत्येक खणात चार ठोके. बारा चोक अठ्ठेचाळीस. आणि आपला तीनताल सोळा मात्रांचा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! ब्लूजचा एक फेरा म्हणजे तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं! मी बसच्या रांगेत बोटांवर मोजत होते, आणि माझी बस निघून गेली.

तिसऱ्या बुधवारी अंकलच्या घरात आमची तालीम रंगात आली होती. दार उघडंच होतं. वर पाहिलं तर दारात मास्तर. बुधवारचा तास मोकळा म्हणून ते आईकडे माझी जुनी वही द्यायला निघाले होते.

मी गडबडून बोलत सुटले, "मास्तर, बारा खण, तीन आवर्तनं, अठ्ठेचाळीस..."

"जोग मी तुला अजून शिकवलेला नाही," ते एवढंच म्हणाले. वही टेबलावर ठेवली आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी मी क्लासला गेले नाही. पुढच्याही नाही.

स्पर्धेत अंकल व्हायोलिनवर, मी पेटीवर, त्यांचा भाचा बेस गिटारवर आणि एक तबलजी. टाळ्या बऱ्या पडल्या. मग परीक्षकबाईंनी विचारलं, "बेस मधेच 'सा' सोडून 'म'वर जातो, तेव्हा कानाला तो 'म'च 'सा' वाटायला लागतो. मग जोग उरतो कुठे?"

मी म्हटलं, "ब्लूजमध्ये तसंच असतं." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आमचा नंबर आला नाही.

सोमवारी संध्याकाळी मी मास्तरांच्या दारात उभी राहिले. थाप मारल्याचं आधी सांगितलं, मग बाईंचा प्रश्न. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तंबोरा काढला, जुळवला आणि मला नुसता 'सा' लावायला सांगितला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझा घसा कोरडा पडला.

"ते अठ्ठेचाळीस काय म्हणत होतीस?" त्यांनी अचानक विचारलं.

मी कागदावर खण काढून दाखवले. पहिल्या चार खणांचा मुक्काम 'सा'वर. पाचव्यात बेस 'म'वर, नवव्यात 'प'वर. मास्तर हातावर ताल धरून मोजायला लागले आणि मधेच थांबले.

"अगं, म्हणजे पहिली सम 'सा'वर, दुसरी 'म'वर, तिसरी 'प'वर!" ते म्हणाले. "मग घर कशाला हलवतेस? बेसला 'सा'वरच राहू दे. समेला गतीचा सूर 'म'वर येऊ दे, मग 'प'वर. जोगात दोन्ही आहेत की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

मास्तरांनी पेटी पुढे ओढली. "त्या तुझ्या अंकलना बुधवारी वेळ असतो का?" त्यांनी भाता उघडला. "विचार त्यांना. आधी इकडे बस. जोगाचा आरोह घे."