जबलपूरची आंधी, श्रीवर्धनचं वादळ

आम्हा जबलपूरकरांना वादळ म्हटलं की मे महिन्यातली आंधी आठवते. आभाळ पिवळं पडतं, गच्चीवरचे पापड गोळा करायला धावपळ होते, खिडक्या आपटतात, दिवे जातात. ढगातली थंड हवा खाली कोसळून जमिनीवर पसरते, म्हणून ही आंधी बहुधा तासाभरात आटोपते. बरेचदा मोडलेली फांदी आणि घरभर धूळ, एवढ्यावर निभावतं.

कोकणातला हिशेब वेगळा. 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. कोरोनामुळे लोक आधीच घरात होते. आता डोक्यावरचं छप्परही राहीना. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात कौलं, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल बंद पडले. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना खुशालीही कळेना.

पत्रे पुन्हा घालता येतात. वाडीचं तसं नसतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल चढतो, सावलीत जायफळ वाढतं. एक झाड पडलं की त्याच्या आधाराने वाढणारंही जातं. आणि सुपारीचं नवं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात.

दिवेआगरला गेलात तर समुद्राबरोबर एखादी वाडीही बघा. उंच माडांमध्ये ठेंगणी झाडं दिसली, तर ती कधी लावली ते मालकांना विचारा. आणि येताना सुपारी, जायफळ त्यांच्याकडूनच घ्या.